सन्मती नावाचे उखाणे

"चहात घातलं आलं, बशीत ओतला चहा, सन्मती माझी लाजते कशी, सगळ्यांनी पाहा."

रुचितानं हा उखाणा आमच्या ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवला. मग बोरगावे सरांना चहाचा ठसका लागला, आणि त्यांच्यापाठोपाठ सगळेच हसत सुटले. मी नाही हसले. मी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत होते.

"काहून हसून राहिले सगळे?" रुचितानं विचारलं. "चांगला नाही का? नवरदेवासाठीच आहे ना हा?"

रुचिता इंगोले अमरावतीची. सांगलीला मामाकडे आलेली, आमच्याकडे लागून तिला आठवडाही झाला नव्हता. आमची वेबसाइट लग्नकार्याची होती, नाव 'मंगलवेळ'. पत्रिकेचा मजकूर, रुखवताच्या कल्पना, हळदीची तयारी असं सगळं आम्ही लिहायचो, पण दुकान खरं चालायचं ते उखाण्यांवर. त्या महिन्यात सरांनी नवी टूम काढली होती. लोक हल्ली नुसते उखाणे शोधत नाहीत, नाव टाकून शोधतात, म्हणून प्रत्येक नावाचं वेगळं पान करायचं. रुचिताच्या वाट्याला 'स' आला होता. कुठल्याशा यादीतून तिनं सई, सायली, सन्मती अशी मुलींची नावं उचलली आणि नवरदेवांसाठी उखाणे रचून टाकले.

आता सांगली-कोल्हापूरकडच्या आम्हा जैनांमध्ये सन्मती हे मुलाचं नाव. महावीरांचं ते एक नाव. आमच्या गल्लीत हाक मारली तर दोन-तीन सन्मती तरी खिडकीत येतील, आणि त्यातला एकही बिनमिशीचा नसेल. पण अमरावतीच्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार? शिवाय कोपऱ्यातल्या टेबलावर बसून आमची सगळी पानं तपासणाऱ्या माणसाला ऑफिसात सगळे 'मगदूम' म्हणायचे.

तो उठून उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मीच तो," तो म्हणाला. "सन्मती मगदूम. लाजतोय का बघा."

दुसरी कुणी असती तर जीभ चावून माफी मागितली असती. रुचितानं त्याला खालून वर नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "लाजून तर राहिला."

आणि तो हसला. मगदूम तसा हसणारा माणूस नव्हता. मी दीड वर्ष त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत होते, कॉलेजातही तो माझ्या दोन वर्षं पुढे होता, आणि एवढ्या काळात माझ्या एकाही वाक्याला तो असा मान मागे टाकून हसला नव्हता. माझ्या पोटात काहीतरी पेटलं. त्याला काय म्हणतात ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं, उगाच दुसरं नाव देण्याची गरज नव्हती.

मला तो हवा होता. एवढं सांगितलं की पुढचं सांगायला सोपं. ऑफिसात मीही त्याला मगदूमच म्हणायचे, मनात मात्र त्याचं नाव घेऊन बोलायचे. तोंडानं कधीच घेतलं नाही. आमच्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नसत तसं काहीसं मी आधीच सुरू करून ठेवलं होतं, ह्याचं आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. आणि माझं काही अगदीच हवेतलं नव्हतं. जात एक, गाव एक, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, त्याची आत्या आणि माझी आई शेजारी शेजारी बसायच्या. आईनं एकदा पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं होतं, "दिवाळी झाली की मी त्यांच्याकडं विषय काढतो. पोरगं चांगलंय. तुझं काय म्हणणंय?" मी काही म्हटलं नाही. आमच्या घरात काही न म्हणणं म्हणजे होकार.

माझं सगळं असं जागच्या जागी होतं. फक्त रुचिता मध्ये आली होती.

मगदूमचं काम असं की लोक गूगलवर नेमकं काय टाइप करतात ते तो शोधून काढायचा आणि सोमवारी आम्हाला शब्दांची यादी द्यायचा. त्या शब्दांवर आम्ही लिहायचं. मी मराठीत एम.ए. केलेलं, सुरुवातीला मला हे भयंकर अपमानाचं वाटलं होतं. मी डोहाळजेवणाच्या उखाण्यांवर एक लेख लिहिला आणि त्याला 'ओठांवर थबकलेलं नाव' असं शीर्षक दिलं. मला ते इतकं आवडलं होतं की घरी जाऊन आईलाही वाचून दाखवलं. लेख कुणी उघडलाच नाही. मगदूमनं खुर्ची ओढून माझ्याजवळ बसून मला समजावलं होतं. त्याचा तो शांत, थोडा घोगरा आवाज, आणि शर्टाला येणारा साबणाचा वास.

"सुव्रता, ओठावर थबकलेलं कोण शोधतंय? बाई पंगतीत बसलीये, समोर सासू, हातात फोन. ती 'सोपे उखाणे' असं टाकते. तिच्या तोंडातला शब्द मथळ्यात पाहिजे. खरं आत आल्यावर तिला फसवल्यासारखं वाटता कामा नये. मथळा मशीनला कळू दे, उखाणा तिला आवडू दे. दोन्ही पाहिजे."

इथं 'खरं' म्हणजे 'पण'. आमच्या सांगलीकडं 'पण' असं म्हणतच नाहीत, 'येतो, खरं उशीर होईल' असं म्हणतात. रुचिताला हे कळेना. पहिले काही दिवस ती प्रत्येक 'खरं'ला "हो ना, खरंच" असं उत्तर द्यायची, आणि मगदूमला त्याचीही मोठी मजा वाटायची.

त्यानं शिकवलेलं मी शिकले. जिद्दीनं शिकले. शब्द मथळ्यात, पुन्हा पहिल्या ओळीत, पण दर वाक्यात कोंबायचा नाही, वाचणारीला कंटाळा येतो. लहान परिच्छेद. चांगला उखाणा वर, कारण पंगतीतल्या बाईला खाली सरकवायला वेळ नसतो. माझी पानं हळूहळू वर चढायला लागली. तो म्हणायचा, छान. एकाच शब्दात म्हणायचा.

आणि मग रुचिता आली. तिनं उखाण्यांचं एक पान केलं, त्याचं नाव 'सासूला राग येणार नाही असे उखाणे'. यादीत हा शब्द नव्हताच. तिनं खाली झेरॉक्सच्या दुकानात आलेल्या दोन बायकांना विचारलं की तुम्ही काय शोधाल, आणि त्यातल्या एकीनं जे सांगितलं ते जसंच्या तसं वर घातलं. पान पंधरवड्यात पहिल्या नंबरवर. मगदूमनं तो पडदा सगळ्यांना दाखवला, मलाही हाक मारून बोलावलं.

"बघ हे," तो म्हणाला. "ही यादी बघत नाही, बाई बघते."

त्या पानावरचे उखाणे सुमार होते. यमक लंगडं, एका ठिकाणी तर सासूला 'गोड गोजिरी' म्हटलेलं. मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला की ते दुरुस्त करता येतं, नजर देता येत नाही. मी जागेवर येऊन बसले आणि दुपारचा डबा तसाच परत नेला.

चहा-आल्याचा उखाणा मात्र अजून तसाच पडून होता, त्याचं काहीतरी करायला हवं होतं. सर म्हणाले, पान तयार आहे तर नवरीसाठी नव्यानं लिहून घ्या, उगाच कशाला काढायचं. रुचिता म्हणाली, मीच करते, चूक माझीच ना. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करते. जिला नावच कळत नाही ती उखाणा काय लिहिणार."

जरा जास्तच तिखट झालं ते. सगळ्यांना वाटलं, एम.ए.चा तोरा. रुचितानं खांदे उडवले आणि 'ह' कडे वळली.

ते पान लिहायला मी सकाळी बसले ते ऑफिस बंद होईपर्यंत. एरवी तेवढ्या वेळात माझी तीन नावं उरकायची. त्यानं शिकवलेलं सगळं त्या पानात घातलं. मथळा अगदी शोधणारीच्या तोंडातला, 'सन्मती नावाचे उखाणे, नवरीसाठी सोपे व नवीन'. पहिल्याच ओळीत स्पष्ट केलं की हे मुलाचं नाव, आणि अर्थ चांगली बुद्धी. मशीनला जे हवं ते सगळं दिलं. मग उखाण्यांकडे वळले. लिहीत गेले, खोडत गेले. बाकीच्या नावांचं बरं असतं, गणेशच्या जागी महेश घातला तरी उखाणा चालतो. मला असा हवा होता की ज्यात दुसरं कुठलंच नाव बसणार नाही.

संध्याकाळी तो जमला, देवाजवळ सगळे जी सन्मती मागतात तिच्यावरच बांधलेला. मी तो सगळ्यात वर ठेवला.

हात जोडले देवापुढं, मागणं एकच आठवलं,
सन्मतीरावांच्या रूपानं त्यानं ते दारी पाठवलं.

आमच्या साइटवर लिहिणाऱ्याचं नाव जात नसे. पण कुठलं पान कुणी लिहिलं ते तपासणाऱ्याला दिसायचं, आणि तपासणारा तोच होता. माझ्या हिशेबी त्या पानाला एकच वाचक पुरेसा होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते उघडलं. मी समोर भलतंच काहीतरी टाइप करत होते. त्यानं ते एकदा वाचलं, मग परत वर जाऊन वाचलं. खुर्ची वळवून माझ्याकडे पाहिलं.

"सुव्रता, चांगलंय हे," तो म्हणाला. "खरं..."

तेवढ्यात दारातून रुचिता ओरडली, "मगदूम, सर कधीचे बोलावून राहिले तुला." आणि तो उठून गेला. परत आला तेव्हा पान प्रसिद्ध करून टाकलं आणि दुसऱ्या कामाला लागला.

आता सांगा, मी काय समजावं? सांगलीत जन्म गेला माझा. दिवसातून शंभर वेळा मी तो शब्द 'पण' म्हणून ऐकत होते, म्हणत होते. त्या दिवशी मात्र मी त्याचा पुस्तकातला अर्थ घेतला. चांगलंय हे. खरं. त्याचा आवाज थोडा खाली आला होता, असंही मी त्यात घालून टाकलं. पुढे बोलवेना म्हणून थांबला, असंही. दिवाळीपर्यंतचे दिवस मी त्या एका शब्दावर काढले.

दिसत नव्हतं असं नाही. दोघं संध्याकाळी भडंग खायला जायचे, तिसरं कुणी बरोबर असलं तर असलं. पण माझा जीव खरा जळला तो वेगळ्याच गोष्टीनं. एक दिवस रुचिता सरांना म्हणाली, "देते की, खरं उद्या." तिच्या तोंडात आमचं 'खरं' येऊन बसलं होतं, आणि अगदी बरोबर जागी. त्याच आठवड्यात मगदूम फोनवर कुणाला तरी म्हणाला, "काहून?" सांगलीचा मगदूम, ज्याच्या सात पिढ्यांनी 'का रं' शिवाय काही विचारलं नाही, तो. बाकी सगळं मी माफ केलं असतं, भडंगसुद्धा. त्या एका 'काहून'साठी मला तिच्या झिंज्या धरून तिला अमरावतीच्या गाडीत बसवावंसं वाटलं. मी दीड वर्ष शेजारी बसले आणि माझा एक शब्द त्यानं उचलला नाही. कसा उचलणार, माझे सगळे शब्द आधीपासून त्याचेच होते.

तरीही मी त्याच्या अर्धवट वाक्याला धरून राहिले.

दिवाळी झाली. आईनं बस्तीत विषय काढला. घरी आली ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "त्यांच्या पोरानं ठरवलंय म्हणं. विदर्भातली कोण पोरगीय. आत्याच्या डोळ्याला पाणी आलं बघ सांगताना." आत्याच्या डोळ्याला आलं होतं. मी आत जाऊन भांडी लावली.

लग्न माघात झालं, सांगलीतच. मी गेले. न जाऊन सगळ्यांना बोलायला विषय कशाला द्यायचा? रुचितानं मोरपंखी शालू नेसला होता आणि वाईट दिसत नव्हती, हे मी तेव्हाही मनात कबूल केलं आणि त्याचाही मला राग आला.

जेवणाची पंगत बसली. नवरा-नवरीचं ताट, भोवती रांगोळी, घास भरवायची वेळ. नाव घे, नाव घे असा गलका झाला. आत्या समोर उभ्या होत्या, चेहरा अजून नीट खुलला नव्हता त्यांचा. आपल्या जातीची नाही, भाषा वेगळी, हिला काय येणार असं त्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. रुचितानं पदराआड फोन धरला होता, ते मला दिसलं. मला बरंही वाटलं. आता ही अडकणार. म्हणेल गोड गोजिरी नाहीतर चहात आलं.

तिनं जिलेबीचा तुकडा उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली,

"हात जोडले देवापुढं, मागणं एकच आठवलं, सन्मतीरावांच्या रूपानं त्यानं ते दारी पाठवलं."

मांडवात टाळ्या पडल्या. आत्या पुढे आल्या. त्यांनी रुचिताच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि त्यांचे डोळे पुन्हा भरले, पण ह्या वेळी वेगळ्या कारणानं.

"कुठनं शिकलीस ग?" त्यांनी विचारलं.

"गूगलवर पहिलंच आलं, आत्या," रुचिता म्हणाली.

कुणीतरी माझ्या हाताला हात लावून म्हणालं, टाळ्या वाजव की. मी वाजवल्या.

पान पहिलं येणारच होतं. मथळ्यात शोधणारीचा शब्द होता, पहिल्या ओळीत होता, आणि उखाणा अगदी वर होता, पंगतीतल्या बाईला खाली सरकवायला वेळ नसतो म्हणून. समोर सासरची बाई, हातात फोन, सगळं त्यानं सांगितलं होतं तस्संच. मी काहीच चुकवलं नव्हतं.

निघताना मी आहेराचं पाकीट द्यायला गेले तेव्हा तो स्वतःहून माझ्याकडे वाकला. हसत होता. आता त्याला हसायची सवय लागली होती.

"तुझंच पान ना ते?" तो म्हणाला. "त्या दिवशी माझं वाक्यच राहिलं. मी म्हणणार होतो, चांगलंय, खरं हे नाव शोधणार कोण? बघ, सापडली की एक."

त्याच्या तोंडावर कौतुक होतं, चांगलं काम केलेल्या माणसाचं करतात तसलं. दुसरं काहीही नव्हतं, आणि आधीही कधी नव्हतं. मी म्हटलं, हो, सापडली. आणि पाकीट त्याच्या हातात देऊन निघाले.

माझं लग्न दोन वर्षांनी झालं, पुण्यात. नवऱ्याचं नाव अमोल. अमोल नावाचे उखाणे गूगलवर पोत्यानं पडलेत. मी लग्नात त्यातला पहिला उचलला आणि घेतला, कुणी कौतुक केलं नाही आणि कुणी नावंही ठेवली नाहीत. अमोल भला माणूस आहे. 'मंगलवेळ' पुढे बंद पडली, सरांनी साइटचे पैसे भरायचं सोडलं आणि सगळी पानं गेली.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी फोन आला. रुचिता. अधूनमधून करते, तिच्या मनात काही नसतं, हीच तिची मोठी खोड. त्यांच्या लग्नाला दहा वर्षं होतायत, आत्यांनी घरी सगळ्यांना जेवायला बोलावलंय आणि हट्ट धरलाय की रुचितानं तोच उखाणा पुन्हा घ्यायचा, मांडवातला. आत्यांना आता फारसं ऐकू येत नाही, पण तो त्यांना ऐकायचाय.

"खरं मला पुढचं आठवेना झालंय बघ," ती म्हणाली. आता ती पक्की सांगलीची झाली आहे. "ते पानही सापडत नाही कुठं. याला विचारलं तर याला काही लक्षात नाही. ते पान तूच केलं होतंस ना, म्हटलं तुला आठवेल."

"कुणाच्या नावाचा?" मी विचारलं. उगाचच विचारलं.

"अगं, सन्मतीच्या, आणखी कुणाच्या?"

किती सहज म्हणाली. दूध आण म्हणावं तसं. मी ते नाव आजतागायत तोंडानं उच्चारलेलं नाही, ऑफिसात नाही, मांडवात नाही, पुण्याच्या ह्या बंद दारांच्या घरातही नाही. आणि ही दिवसातून किती वेळा घेत असेल, चहा घे सन्मती, दार लाव सन्मती. माझ्या पोटात पुन्हा ते पेटलं, दहा वर्षांत जराही कमी न झालेलं.

"हात जोडले देवापुढं," ती पलीकडून पुटपुटत होती. "हात जोडले देवापुढं, मागणं... पुढं काय होतं ग? 'आठवलं' असं काहीतरी होतं शेवटी."

गॅसवर दूध वर येत होतं. मी गॅस बारीक केला.

"नाही ग," मी म्हटलं. "मला नाही आठवत."